आईच्या दाढा गेल्या: स्क्रू बसवायचा, ब्रिज करायचा की कवळी?

प्रश्न थोडक्यात असा: माझ्या आईचं वय 63. आम्ही लालबागला राहतो. तिच्या खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा 4 वर्षांपूर्वी काढल्या, तिथली अक्कलदाढही नाही. डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ गेल्या महिन्यात काढली. त्या दाढेच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल होऊन कॅप बसवलेली आहे, पुढचा दात चांगला आहे. 11 वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी इम्प्लांट सांगितलं, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात; दुसऱ्यांनी ब्रिज, म्हणजे मागच्या-पुढच्या दातांवर टेकवलेला दात; तिसऱ्यांनी काढता-घालता येणारी कवळी. शिवाय ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशी एक जाहिरात पाहिली. आई म्हणते, “या वयात कशाला एवढा खर्च?” आम्ही काय करावं?

उत्तर:

मी दादरला 26 वर्षं दातांचा दवाखाना चालवते. माझं पुढचं शिक्षण कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेतलं, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिक्समधलं. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही गोंधळलात हे समजतं, पण तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तुमच्या आईंच्या तोंडात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकच समजून विचारत आहात.

डावीकडे गेलेल्या दाढेच्या मागे-पुढे दोन्हीकडे दात आहेत. तिथे ब्रिज होऊ शकतो. उजवीकडे मात्र शेवटच्याच दोन दाढा गेल्यात. मागे आधाराला काहीच नाही, त्यामुळे ब्रिज टेकवायचा कशावर? पुढच्या दोन दातांना धरून मागे लोंबता दात देणारे आहेत, पण चावण्याचा सगळा जोर मागच्या टोकावर येतो आणि पुढचे चांगले दात खिळखिळे होतात. खालच्या दाढांसाठी मी तसा ब्रिज करत नाही. म्हणजे उजवीकडे इम्प्लांट किंवा कवळी, आणि डावीकडे इम्प्लांट किंवा ब्रिज. कोणत्या डॉक्टरांनी कोणती बाजू डोळ्यांसमोर ठेवून काय सांगितलं, ते एकदा विचारून घ्या. अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही, तिच्याकडे येते. या दाढा गेल्या कशाने? कीड लागून, हलायला लागून, की तडकून? पेशंट खुर्चीत बसला की हा माझा पहिला प्रश्न असतो. कोणत्या कंपनीचा स्क्रू, किती हजारांचा, हे फार नंतर येतं.

कीड लागून गेल्या असतील तर इम्प्लांटच्या दृष्टीने ती त्यातल्या त्यात बरी बातमी आहे, कारण टायटॅनियमला कीड लागत नाही. तडकून गेल्या असतील तर रात्री झोपेत दात खाण्याची सवय आहे का ते बघावं लागतं. तो जोर उद्या इम्प्लांटवरही येणार, कॅप तुटणार, आतला स्क्रू सैल होणार. अशा पेशंटना रात्री घालायला संरक्षक साचा द्यावा लागतो. पण हिरडीतून पू येऊन, दाढा हलून हलून गेल्या असतील, म्हणजे पायरियाने, तर मी आधी थांबते. ज्या जंतूंनी दाताभोवतीचं हाड खाल्लं तेच जंतू इम्प्लांटभोवतीचंही हाड खातात, आणि तिथे त्यांना अडवणारा हिरडीचा वेढा नैसर्गिक दाताइतका घट्ट नसतो. त्यात मधुमेह. साखर वाढलेली असली की पायरिया बळावतो आणि पायरिया बळावला की साखर आटोक्यात राहत नाही, अशी ही दुहेरी गाठ आहे.

हे मी माझ्या चुकीतून शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत परळचे एक काका माझ्याकडे आले होते. गिरणीत आयुष्य गेलेलं, मिश्री लावायची जुनी सवय, हिरड्या सुजलेल्या. त्यांना लेकीच्या लग्नाआधी दात हवे होते आणि मला नव्याने शिकलेलं काम करून दाखवायचं होतं. हिरड्यांवर पूर्ण उपचार न करता, मिश्री सुटली की नाही याची खात्री न करता मी दोन इम्प्लांट बसवले. बसले उत्तम. एक्स-रे इतका सुंदर की मी तो जपून ठेवला होता. सहाव्या वर्षी दोन्ही हातात आले, सोबत आजूबाजूचं बरंचसं हाडही गेलं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे पैसे मी परत केले, पण हाड परत करता आलं नाही. तेव्हापासून हिरडीतून रक्त यायचं थांबल्याशिवाय मी हाडाला हात लावत नाही. कोणी कितीही घाई केली तरी.

म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत पहिलं काम: उरलेल्या सगळ्या दातांची हिरडी तपासणं, दातांभोवतीच्या खाचांची खोली मोजणं, स्वच्छता करून घेणं. हे काम दोन-तीन भेटींचं आहे आणि फार महागही नाही. गंमत म्हणजे या भेटींतच कळतं की पेशंट घरी ब्रश नीट करतो का. ज्याला असलेले दात सांभाळता येत नाहीत त्याला नवे देऊन काय होणार, असं मी रागाने म्हणत नाही. शिकवता येतं. 70 वर्षांच्या आज्यासुद्धा फटीतला छोटा ब्रश वापरायला महिन्याभरात शिकतात.

आता हाडाबद्दल. जबड्याचा दात धरून ठेवणारा जो वरचा भाग आहे, तो दातासाठीच असतो. दात गेला की शरीर ते हाड आवरतं घेतं. काढल्यावरच्या पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या 3 महिन्यांतच जातो. उजवीकडे 4 वर्षं झालीत, तिथे हाड किती उरलंय हे बोटाने दाबून कळत नाही. साधा मोठा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो सपाट असतो. त्यात उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबडा सर्व बाजूंनी दाखवणारा त्रिमितीय एक्स-रे, लागतो. पाच-दहा मिनिटांचं काम असतं आणि मुंबईत तो ठिकठिकाणी होतो.

या स्कॅनमध्ये मी तीन गोष्टी बघते. पहिली, हाडाची रुंदी. साधारण 4 मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड राहायला हवं, म्हणजे एकूण 6 मिलिमीटर असेल तर काम निश्चिंतपणे होतं. दुसरी, नस. खालच्या जबड्यातून दाढांच्या मुळांखालून एक नस जाते आणि पुढे ओठाला-हनुवटीला संवेदना देते. तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर दूर राहायचं असतं. तिला धक्का लागला तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो, कधी काही आठवड्यांपुरता, कधी कायमचा. तुमच्या मनात ही भीती असणारच आणि ती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे स्कॅन आणि मोजमाप. खालच्या दाढांच्या जागी स्कॅनशिवाय इम्प्लांट बसवू असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नमस्कार करून निघा. तिसरी गोष्ट, जिभेकडच्या बाजूला हाडाला असलेला खोलगट बाक. वरून हाड भरपूर वाटतं आणि खाली ड्रिल बाहेर निघतं, तिथे रक्तस्राव जोराचा होऊ शकतो.

वरच्या जबड्याकडेही बघून घ्यायला सांगा. खालच्या दाढा 4 वर्षं नसल्या की समोरच्या वरच्या दाढा हळूहळू खाली उतरतात. कधी कधी इतक्या उतरतात की नव्या दाताला जागाच उरत नाही. कॅपसाठी साधारण 7–8 मिलिमीटर उंची हवी असते. ती नसेल तर वरची दाढ घासून कमी करावी लागते, क्वचित तिचं रूट कॅनाल करावं लागतं. हा खर्च अंदाजपत्रकात बहुतेक वेळा आधी लिहिलेला नसतो आणि मग घरात वाद होतात.

हाड कमी असेल तर ‘हाड भरू’ असं डॉक्टर म्हणतील. इथे एक गोष्ट स्पष्ट विचारा, कारण आपल्याकडे ती महत्त्वाची असते: भरायची पावडर कशाची? ती माणसाच्या दान केलेल्या हाडाची असू शकते, पूर्ण कृत्रिम असू शकते, आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी एक जात गाय-बैलाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेली असते. वर झाकायचा पातळ पडदाही बऱ्याचदा प्राण्यांच्या कोलॅजेनचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या ते सुरक्षित आहे. पण तुमच्या आईंना चालेल का, हे त्यांना आधी विचारलं गेलं पाहिजे. माझ्याकडच्या संमतिपत्रात मी ते मराठीत लिहून ठेवलंय. एका आजींना दुसरीकडे हे काम झाल्यावर कळलं आणि त्या महिनाभर नीट जेवल्या नव्हत्या. कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत, फक्त आधी सांगावं लागतं.

प्रकृतीचं म्हणाल तर मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा समज चुकीचा आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर थांबावं लागतं. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी करा. ती 7 च्या आसपास असेल तर मी निर्धास्तपणे पुढे जाते. 8 च्या वर असेल तर पेशंटला त्यांच्या फिजिशियनकडे परत पाठवते आणि दोन-तीन महिने थांबते. साखर चढलेली असताना जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हाड टायटॅनियमला नीट धरत नाही.

आणखी एक प्रश्न आईंना तुम्ही स्वतः विचारा, कारण दवाखान्यात त्या तो विसरतील: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध चालू आहे का? किंवा आधी घेतलं होतं का? आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी, सहा महिन्यांतून एकदा पोटावर किंवा दंडावर घ्यायचं इंजेक्शन, वर्षातून एकदा सलाइनमधून दिलेलं औषध, हे सगळं यात येतं. साठीच्या पुढच्या बायकांना हे औषध बरेचदा दिलेलं असतं आणि ‘काय काय औषधं घेता’ असं विचारलं की त्या बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात, हे सांगत नाहीत. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कोणाच्या लक्षात राहणार? पण या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. औषध घेतलंय म्हणून इम्प्लांट करूच नये असं नाही. किती वर्षं घेतलं, कोणत्या कारणासाठी, तोंडातून की शिरेतून, त्यावर धोका ठरतो. मात्र ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. सहा महिन्यांचं इंजेक्शन अचानक थांबवलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायची ही बाब आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळीचंही तसंच. ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवू नका.

आता प्रत्यक्ष बसवताना काय होतं ते सांगते, कारण न कळल्याने माणूस जास्त घाबरतो. दाढ काढताना दिलं तेच भुलीचं इंजेक्शन असतं. मधुमेहींना मी सकाळची वेळ देते आणि नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन यायला सांगते. उपाशी येऊ नये. हिरडी थोडी उघडून हाडात आधी बारीक, मग थोडं जाड, मग आणखी जाड असं टप्प्याटप्प्याने भोक केलं जातं आणि सतत गार सलाइनचा फवारा चालू असतो. हाड 47 अंश सेल्सियसपर्यंत मिनिटभर जरी तापलं तरी त्याच्या पेशी मरायला लागतात, म्हणून ड्रिल संथ आणि पाणी भरपूर. दुखत नाही, पण थरथर जाणवते आणि कानात आवाज घुमतो. हे आधी सांगून ठेवा. दोन जागांचं काम तासाभरात होतं. नंतर दोन-तीन दिवस सूज, बाहेरून बर्फ, मऊ गार जेवण. बहुतेक पेशंट म्हणतात की दाढ काढताना याहून जास्त त्रास झाला होता. टाके 7 ते 10 दिवसांनी निघतात.

आणि मग वाट पाहायची. इथेच लोकांचा धीर सुटतो. पहिल्या दिवशी इम्प्लांट हाडात घट्ट असतो तो नुसत्या आट्यांच्या पकडीवर. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ही पकड कमी होते, कारण भोवतालचं दुखावलेलं हाड शरीर काढून टाकत असतं आणि नवं हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणजे काहीच दुखत नाही, टाके निघालेत, सगळं छान वाटतंय, त्याच सुमाराला तो सर्वांत कमी घट्ट असतो. त्या आठवड्यांत कोणी म्हणालं, “दुखत नाही ना, मग चाव की शेंगदाणे,” तर ऐकायचं नाही. खालच्या जबड्यात साधारण 3 महिन्यांनी हाड टायटॅनियमला पुरतं चिकटतं, मग माप घेऊन वर दात बसतो.

हाड टायटॅनियमला असं चिकटतं हे कळलं तेही काहीशा अनपेक्षितपणे. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर 1950 च्या दशकात सशांच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर काढायला गेले तर निघेना. त्या न निघण्याचं महत्त्व त्यांनी ओळखलं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या जन्मतः जबड्यात दोष असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे 40 वर्षं ते इम्प्लांट कामात होते. ‘टिकतं का हो?’ असं मला रोज कोणीतरी विचारतं, तेव्हा मी या माणसाची आठवण सांगते. आजच्या चांगल्या कामात 10 वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. उरलेले का जातात हे वर सांगितलंच: हिरडी, तंबाखू, साखर, दात खाण्याची सवय आणि कधी कधी आमचं चुकलेलं काम.

मग तीन दिवसांत पक्के दात कसे देतात? खोटंच असतं असं नाही. पूर्ण जबड्याचे दात गेलेले असतील, हाड कठीण असेल, चार-सहा इम्प्लांट घट्ट बसले असतील आणि ते सगळे एका पट्टीने एकमेकांना बांधले असतील तर त्याच दिवशीही तात्पुरते दात देता येतात, कारण जोर वाटला जातो आणि एकेकटा इम्प्लांट हलत नाही. ही मान्य पद्धत आहे. तुमच्या आईंच्या तोंडात मात्र पुढचे सगळे दात शाबूत आहेत. मागच्या एका-दोन दाढांसाठी, ज्या हसताना दिसतही नाहीत, ही घाई कशासाठी करायची? घाईत काही जण चांगले दातसुद्धा काढून सगळा जबडाच नवा करून देऊ असं सुचवतात. असं कोणी म्हटलं तर तो सल्ला घेऊन आधी दुसऱ्या डॉक्टरकडे जा. वाचवता येणारा स्वतःचा दात काढून इम्प्लांट बसवणं मला कधीच पटलेलं नाही. नैसर्गिक दाताभोवती बारीक तंतूंची गादी असते, ती भातातला खडासुद्धा मेंदूला कळवते. इम्प्लांट थेट हाडात रुतलेला असतो, त्याला ती जाण फार कमी असते.

पैशांचं बोलू. मुंबईत एका इम्प्लांटचा वरच्या दातासकट खर्च साधारण 25–30 हजारांपासून 60–70 हजारांपर्यंत जातो, हाड भरायचं असेल तर आणखी. फरक कंपनीचा, डॉक्टरांच्या अनुभवाचा, लॅबचा आणि जागेच्या भाड्याचाही असतो. स्विस, स्वीडिश, कोरियन, इस्रायली, भारतीय अशा अनेक कंपन्यांचे इम्प्लांट इथे मिळतात आणि कोरियन बसवला म्हणून काम कमी दर्जाचं असं मी मानत नाही. मी स्वतः दोन-तीन कंपन्यांचे वापरते. बघायचं ते एवढंच की त्या कंपनीचे सुटे भाग 10 वर्षांनीही मिळतील का. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मापं आणि बॅच नंबर असतो. तो तुमच्या फाइलला लावून त्याची प्रत घ्या. मागे एक गृहस्थ सैल झालेला दात घेऊन आले होते. काम परगावी झालेलं, डॉक्टर निवृत्त, कागद एकही नाही. आतला स्क्रू कोणत्या किल्लीने फिरतो हे एक्स-रेवरून ओळखायला आम्हाला तीन आठवडे लागले. स्टिकर असता तर ते दहा मिनिटांचं काम होतं.

अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात इम्प्लांट, वरचा जोडभाग, कॅप, स्कॅन, हाड भरणं हे वेगवेगळं लिहून घ्या. नुसत्या ‘इम्प्लांटचे 15 हजार’ यात बऱ्याचदा वरचा दात धरलेलाच नसतो. आरोग्य विम्यात हे सहसा बसत नाही, अपघातात दात गेले असतील तर गोष्ट वेगळी.

खर्च वाचवायचा एक मार्ग तुम्हाला कोणी सांगितला नसेल. उजवीकडे दोन दाढा गेल्यात म्हणून दोन इम्प्लांट हवेतच असं नाही. चावण्याचं मुख्य काम पहिली मोठी दाढ करते. तेवढी एक बसवली आणि मागची जागा रिकामी ठेवली तरी 63 व्या वर्षी बहुतेकांचं उत्तम चालतं. फक्त समोरची वरची शेवटची दाढ उतरत नाही ना, याकडे लक्ष ठेवावं लागतं. मी तुमच्या जागी असते तर उजवीकडे एकच बसवला असता. दुसरा मार्ग सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांचा: मुंबई सेंट्रलजवळचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी, पण फेऱ्या जास्त आणि रांग मोठी. लालबागहून तुम्हाला दोन्ही जवळ आहेत. आईंसोबत जायला कोणाला सकाळी वेळ आहे का, एवढं आधी ठरवा.

डावीकडचं काय? तिथे ब्रिज करायचा तर पुढचा धडधाकट दात घासावा लागेल आणि मागची रूट कॅनाल झालेली दाढ, जी आधीच नाजूक आहे, तिच्यावर आणखी एका दाताचा भार येईल. चांगला ब्रिज 10–15 वर्षं जातो, पण त्याचा एक खांब गेला की तीनही दात जातात. म्हणून साखर आटोक्यात असेल आणि हाड असेल तर इथेही माझा कल इम्प्लांटकडे आहे. महिनाच झालाय, त्यामुळे हाड अजून बरंच असेल. आणखी महिना-दीड महिना जखम भरू द्या, तेवढ्यात हिरड्यांचं काम आणि साखर दोन्ही होईल, आणि मग लगेच स्कॅन. वर्ष घालवू नका. आईंना शस्त्रक्रिया नकोच असेल किंवा साखर खाली येतच नसेल तर ब्रिज हा हलका पर्याय नाही, तोही नीट विचार करून देता येतो.

वरचा दात स्क्रूने बसवणार की सिमेंटने, हेही विचारा. जमत असेल तिथे मी स्क्रूचा देते. सिमेंटचा बारीक कण हिरडीखाली राहिला तरी काही वर्षांत तिथलं हाड जातं, आणि स्क्रूचा दात गरज पडली तर काढून साफ करून परत लावता येतो. दात बसल्यावर कधी ‘टक’ वाटलं, हलल्यासारखं वाटलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. नुसता स्क्रू सैल झालेला असेल तर घट्ट करून मिळतो. तसंच चावत राहिलं तर तो आत तुटतो. रोज रात्री फटीतला छोटा गोल ब्रश, आणि सहा महिन्यांनी तपासणी. मधुमेह असल्याने पहिली दोन वर्षं मी चार महिन्यांनी बोलवते.

राहिलं आईंचं म्हणणं, “या वयात कशाला?” वय हा अडसर नाही, 80 च्या पुढच्या पेशंटचंही हाड छान भरतं. पण त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, आधी त्या काय जेवतात ते आठवडाभर बघा. दोन्हीकडच्या खालच्या दाढा गेलेली माणसं तक्रार करत नाहीत, गुपचूप जेवण बदलतात. भाकरी आमटीत कुस्करून घेतात. काकडी, गाजर, पेरू, मोड आलेली मटकी, मटणाचा तुकडा ताटातून नाहीसा होतो आणि त्याऐवजी मऊ भात, चहात बुडवलेला पाव, बिस्किटं येतात. घरचे म्हणतात, आई हल्ली कमी खाते. मधुमेही माणसाने नेमकं जे टाळायला हवं तेच ती खात असते. माझ्या स्वतःच्या आईने दाढा गेल्यावर सुकटीची चटणी आणि भाकरी सोडली होती आणि विचारलं तर “आता नको वाटतं गं” म्हणायची. मी दातांची डॉक्टर, आणि तिला नको वाटत नव्हतं, चावता येत नव्हतं, हे कळायला मला सहा महिने लागले.

आणि सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कवळीच निवडली तर ती करून द्या, मनापासून. दोन्ही बाजूंचे दात एकाच कवळीत येतात. खालची कवळी थोडी हलते, सवयीला महिना लागतो, हिरडी बोचली तर घासून मिळते, रात्री काढून पाण्यात ठेवायची. पुढे मन बदललं तर इम्प्लांटचा दरवाजा बंद होत नाही, फक्त हाड थोडं कमी झालेलं असेल. पुढच्या भेटीला जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घ्या, एचबीए1सीचा ताजा रिपोर्ट घ्या, जुने एक्स-रे घ्या. आणि खुर्चीत त्या बसल्या की डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना स्वतःला देऊ द्या.